तीन गाठींची रुई

बोट गार लागलं.

गोपाळकृष्णानं काही तपासायला म्हणून हात घातला नव्हता. अकोल्याच्या बाजारात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या उघड्या माळावर सकाळपासून गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत जानरावाच्या दहा गाड्या होत्या. एकेका गाडीत चार चार डोकडे. दाबून भरलेले, तट्टात शिवलेले रुईचे मोठाले गठ्ठे. बसून बसून पाय आखडले म्हणून तो उठला, पहिल्या गाडीला टेकला, आणि शाळेत पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यानं सहज तट्टावरून हात फिरवला. शिवणीला जरा फट होती. मधलं बोट आत गेलं. आत ऊब असायला हवी होती. माघातलं ऊन खाल्लेली रुई चार दिवसांच्या वाटेनंसुद्धा ऊब सोडत नाही, हे त्यानंच अंगणात सगळ्यांना सांगितलं होतं. पण बोटाला लागला तो ओला गारवा, पहाटे मडक्याच्या बुडाला हात लागावा तसा. त्यानं बोट काढलं आणि धोतराच्या निऱ्यांत लपवलं, जणू ते कोणी पाहिलं तर बोटच बोलून दाखवील.

"पंतोजी, चणे खाता का?" जानराव गाडीच्या दांडीवर बसून होता. रुंद छातीचा, सतत काहीतरी हलवणारा माणूस. पाय तरी, मिशी तरी. आज पाय हलत होता. "अजी, तुमचं तोंड कावून असं झालं? ऊन लागलं का?"

"नाही. बसून बसून कंटाळा आला."

"आता कायचा कंटाळा? एकच माल समोर हाय. मंग आपलाच नंबर." त्यानं मूठभर चणे तोंडात टाकले. "म्या रातभर झोपलो नाई, सांगतो तुमाले. लग्नाच्या पोरीच्या बापासारखं झालं मले."

गोपाळकृष्णाची नजर पुढं गेली. समोर मुंबईच्या पेढीचा पारखी गोवर्धनदास छत्रीखाली उभा होता. बारीक माणूस, कानात अत्तराचा फाया, आणि हात मात्र एखाद्या वैद्याचे. तो प्रत्येक मालातले तीन डोकडे निवडायचा, आपल्या मनानं. तट्ट फाडून कोपरापर्यंत हात घालायचा. तिन्ही चांगले निघाले तर सगळा माल पास. एकात जरी पाणी, सरकी, वाळू निघाली तर सगळ्या मालावर गेरूची फुली, आणि फुलीचा माल त्या बाजारात दुसरा कोणी घेत नसे. अमेरिकेत कुठेतरी लढाई चालली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि सगळ्या जगाची नजर म्हणे या काळ्या मातीकडे लागली होती. त्या नजरेसमोर वऱ्हाडातल्या निम्म्या माणसांनी रुईत पाणी मारायला सुरुवात केली होती. कोणी रात्री दवात उघडी टाकायचं, कोणी तांब्या ओतायचं. पाण्याचं वजन रुईच्या भावात जायचं. म्हणून हे गोवर्धनदासाचे हात. आज जानरावाचा माल पास झाला तर सगळ्या हंगामाची रुई ही पेढी घेणार, असं बोलणं झालं होतं. फुली पडली तर जानरावाजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. उरू नये अशी व्यवस्था गोपाळकृष्णानंच केली होती.

दोन वर्षांपूर्वी जानराव अमरावतीला त्याच्या शाळेच्या ओसरीवर आला तो एक कागद लिहून घ्यायला. नांदगाव खंडेश्वराकडचा शेतकरी, काळी जमीन बापजाद्यांची, पण पायाला भिंगरी. कागद लिहिता लिहिता कळलं की हा कापूस घेतो, तेलाचा घाणा चालवतो, तूप गोळा करतो, घोंगड्या विकतो, बैलांच्या बाजाराला जातो आणि गाड्या भाड्यानं देतो. सहा धंदे. आणि सहाही ठिकाणी रोज भांडण. घाण्यावर गेला की गाडीवान पळायचे, बैलबाजाराला गेला की तुपात कोणीतरी काहीतरी मिसळायचं. "पंतोजी, म्या सकाळी उठतो अन् मले समजतच नाई का कोणत्या वाटेनं जाऊ," असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखे झाले होते. गोपाळकृष्णाला पोरांची सवय. पाटीवर सगळी मुळाक्षरं एकदम गिरवणाऱ्या पोराला तो काय करायचा? पाटी पुसायचा आणि एक अक्षर काढून द्यायचा. त्यानं जानरावाला विचारलं, "या सहांतलं कोणतं काम तुमच्या घरचे लोक तुम्ही नसतानाही नीट करतात?" जानरावानं बोटांवर सहाही धंदे मोजले. मग म्हणाला, "बायका रेचे चालवतात, सरकी काढाचे. माही बायको हाय थ्या ठिकानी. तिथं मले जावं नाई लागत." "मग तेवढंच ठेवा." "अन् बाकीचं?" "बाकीचं सोडा." जानराव हसला होता. पुढं सहा महिने तो येत राहिला, हसत राहिला, आणि दर खेपेला एक धंदा कमी करून यायचा. घाणा गेला. तूप गेलं. घोंगड्या गेल्या. बैलबाजार सोडताना तो दोन दिवस जेवला नाही. शेवटी स्वतःच्या दहा गाड्या तेवढ्या ठेवल्या, रुई वाहायला. गावात लोक म्हणाले, बामनानं जानरावाले मुंडला.

आणि मग ते अंगण. अमरावतीच्या वेशीबाहेर, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. तिथं तीस बायका ओळीनं लाकडी रेचे फिरवायच्या. दोन रुळांमधून कापूस जायचा, पलीकडे रुई, अलीकडे टपटप सरकी. गोपाळकृष्ण शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसू लागला. त्याला धंद्यातलं काही कळत नव्हतं, पण वर्ग कसा चालतो ते कळत होतं. बायकांना अक्षर येत नाही, तर अक्षर नको. त्यानं पिवळा दोरा आणला. कापसातली पत्ती वेचून झाली की ती वेचणारीनं दोऱ्याला पहिली गाठ मारायची. रेच्यातून रुई निघाली, फुटकी सरकी एकही नाही, की दुसरी. आणि उन्हात जाजमावर पसरून, उलटून, पुन्हा पसरून, डोकड्यात भरून तोंड शिवलं की तिसरी. तिसरी गाठ एकट्या पार्वताबाईंनी मारायची, जानरावाच्या बायकोनं. दुसऱ्या कोणी नाही, जानरावानंसुद्धा नाही. तीन गाठींचा दोरा शिवणीत ओवायचा. गाठ नाही तर डोकडा अंगणाबाहेर नाही. आणि एक नियम सगळ्यांत वरचा: कुंपणाच्या आत पाणी आणायचं नाही. प्यायचं पाणीसुद्धा बाहेर, लिंबाखाली. एवढंच. पहिल्या महिन्यात बायका हसल्या. जमुना म्हणून एक तरणी, तिखट बाई होती, ती म्हणाली, "पंतोजी, आमाले घाम आला तं तोबी भाईर जाऊन पुसाचा का?" तीसही जणी फिदीफिदी हसल्या. त्या हसण्यात नियम वाहून जाईल असं त्याला वाटलं. तेव्हा तो उभा राहिला आणि, का कोण जाणे, असं बोलून गेला: "बायांनो, ही रुई म्हणजे तुमची लेक समजा. इथं तिला वाढवायची, न्हाऊमाखू घालायची, उन्हात बसवायची. मग ती परक्या गावी जाणार, परक्या घरी. तिथं तिच्यात काही खोट निघाली तर तिचं काय होईल, आणि माहेराचं काय होईल, तुम्हांला मी सांगायला नको." सगळे रेचे थांबले होते. जमुनानं पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून नियम मोडला नाही. त्या दिवसापासून त्या गातही होत्या, आणि त्यांच्या ओव्यांत रुई आली होती.

मग हे पाणी कोणाचं?

निऱ्यांत लपवलेलं बोट अजून गार होतं. की तो भास? त्यानं जानरावाकडं पाहिलं. जानराव गाडीवानाशी काहीतरी बोलत हसत होता, पाय तसाच हलत होता. पौषात एकदा हाच म्हणाला होता, "पंतोजी, मोर्शीच्या एकानं निसतं दवात ठेवून माल इकला. कोनाले पत्ताबी नाई लागला." "मग?" "मंग काई नाई. सांगून राह्यलो." सांगून राहिलो. कोणी उगाच सांगतं का? गेल्या आठवड्यात पहिली गाडी भरताना जानराव पहाटेच अंगणात गेला होता. एरवी त्याला सूर्य हातभर वर आल्याशिवाय जाग येत नाही. आपल्याला पाहून तो जरासा दचकला होता. दचकला होता की बैलानं शेपूट मारली होती? गोपाळकृष्णाला त्या पहाटेचं सगळं धूसर आठवू लागलं आणि प्रत्येक धूसर गोष्ट संशयासारखी दिसू लागली. पाच धंदे सोडलेल्या माणसाचा हात शेवटच्या क्षणी तांब्याकडं गेला असेल तर त्यात त्याचा काय दोष? त्याच्या पाठीमागं काही ठेवलंच नाही आपण. पाटी पुसली, एक अक्षर दिलं. ते अक्षर चुकलं तर पोरानं कशाकडं पाहायचं? आणि आपण कोण? आपली शाळा चौदा पोरांची. आपण कधी काही विकलं नाही. एकच गोष्ट आपल्या हातून परक्या घरी गेली.

पुढं ओरडा झाला. समोरच्या मालाचा दुसराच डोकडा गोवर्धनदासानं उघडला होता. तट्ट टरकन फाटलं, पारख्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो रुईचा गोळा मुठीत घेऊन. त्यानं गोळा पिळला. खरोखर पिळला, धुतलेला पंचा पिळावा तसा, आणि त्यातून दोन थेंब मातीत पडले. सगळ्या माळाला ते दोन थेंब दिसले. मालाचा धनी, चांगला पागोटेवाला, "दव हाय जी, वाटेत दव पडलं," असं म्हणत होता, आणि गोवर्धनदास त्याच्याकडं न बघता हातानं गेरूवाल्याला बोलावत होता. सगळ्या गाड्यांवर फुल्या पडल्या. पागोटेवाला बैलांच्या मध्ये उभा राहून उगाच जुवाच्या दोऱ्या सोडू आणि बांधू लागला. कोणी हसलं नाही. गेल्या महिन्यात कोण्या एकानं म्हणे गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा काढून चांदीच्या करून घेतल्या होत्या. माळावर त्याच गोष्टी सकाळपासून चालल्या होत्या. आता सगळे आपापल्या गाड्यांच्या शिवणी चाचपत होते.

"त्याच्या मायले," जानराव हळूच म्हणाला. "खल्लास झाला बिचारा." आणि मग गोपाळकृष्णाच्या खांद्याला खांदा लावून, "आपलं तसं नाई ना, पंतोजी. आपल्या तीन गाठी हायेत." त्या आवाजात काही लपवलेलं नव्हतं. असा आवाज लपवणाऱ्या माणसाचा नसतो. जानराव नव्हता. मग कोण?

तो पुन्हा पहिल्या गाडीकडं गेला. कोणाला दिसू नये म्हणून पाठ गाडीला लावली आणि हात मागं नेऊन फट शोधली. या वेळी दोन बोटं. गारवा होताच. पण बोटांच्या मध्ये काहीतरी बारीक, टणक आलं. त्यानं ते नखानं ओढून काढलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. पिवळा. बोटाचं टोकही पिवळं झालं होतं. त्यानं बोट नाकाशी नेलं. हळद.

त्या पहाटे पार्वताबाई पहिल्या गाडीपाशी पदराखाली काहीतरी धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागं तीसही जणी, लुगडी झटकून, केसांना पाणी लावून. जानराव लवकर आला होता तो बायकोनं उठवलं म्हणून. आणि आपण कुंपणाच्या दाराशी उभं राहून गाणं ऐकत होतो. आपल्याला किती बरं वाटलं होतं ते गाणं ऐकताना! जमुनाचा आवाज वर जायचा, बाकीच्या झेलायच्या:

पांढरी माही लेक, उन्हात गं वाळवली
तीन गाठीच्या दोऱ्यानं, तिची काया सांभाळली

जाय जाय वं लेकी, मोर्णेच्या गं पार
तुह्या ओटीत घातलं, हळदीचं पानी गार

आपण ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता आणि मान डोलावली होती. ते गाणं आहे असंच वाटलं. लेक म्हटलं होतं आपणच. त्यांनी लेक धरली. आणि लेक पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा कोणती आई तिला रिकाम्या ओटीनं पाठवते? तोंड शिवायच्या आधी पहिल्या डोकड्याची ओटी भरली असणार त्यांनी, तांदूळ, हळकुंड, आणि वर पाण्याचा तांब्या. कुंपणाच्या आत पाणी आणायचं नाही हा नियम कामाचा. हे काम नव्हतं. हे तर लेकीचं होतं. आणि मग पार्वताबाईंनी तिसरी गाठ मारली, समाधानानं. त्याला हसू आलं. एवढ्या मनापासून त्याचं सांगणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

मोर्णेच्या पार. माळावरून नदीची वाळू दिसत होती आणि तिच्या पलीकडं जुनं शहर, एकमेकाला चिकटलेली घरं, धाब्यांवर वाळत घातलेलं काहीबाही. त्यातलं एक घर सिंधूचं, त्याच्या लेकीचं. तो सकाळपासून तिकडं बघायचं टाळत होता. सिंधू सहा वर्षांची असताना गोवर निघाला आणि जाताना तिचा डावा कान घेऊन गेला. उजव्या बाजूनं बोललं तर सगळं ऐकायची, डाव्या बाजूनं हाक मारली तर भिंतीकडं बघत हसत राहायची. घरात सगळ्यांना सवय झाली होती. तिची आई तिच्या उजव्या हाताला बसूनच जेवण वाढायची. नवव्या वर्षी जुन्या शहरातलं भिक्षुकाचं घर सांगून आलं. मुलीला बघायला आले तेव्हा त्यानंच तिला अशी बसवली की पाहुणे सगळे उजवीकडं. कोणी काही विचारलं नाही. मुलीचा कान कसा आहे असं कोण विचारतं? सासरे फक्त एवढंच म्हणाले, "मुलगी फार बोलत नाही वाटतं." आणि तो म्हणाला, "शांत आहे." खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात. पुढं न्हाण येऊन ती सासरी नांदायला गेली, आणि दोन महिन्यांत निरोप आला. सासूनं डावीकडून दिलेल्या हाका, न उठलेली सून, मग मस्तवाल सून, मग बहिरी सून. "तुम्ही आम्हांला फसवलंत. आता ती इथंच राहील, आणि तुम्ही या उंबऱ्याला पाय लावायचा नाही." त्यानं पाय लावला नाही. त्याला ते सोपं गेलं, हेच खरं. तीन वर्षं. तिची आई मधल्या वर्षी गेली. शेवटी तिचं तोंड अकोल्याकडं होतं. चौदा पोरांना तो एकेक अक्षर गिरवायला लावत राहिला, आणि संध्याकाळी अंगणात जाऊन दुसऱ्यांच्या लेकींना गाठी मारायला शिकवत राहिला.

"जानराव नांदगाववाले!" पुकारा झाला.

गोवर्धनदास आला. छत्री मागून आली. त्यानं दहाही गाड्यांवरून एक नजर फिरवली, एका दोऱ्याला हात लावला. "ये क्या आहे? ताईत आहे?"

"गाठी हायेत जी," जानराव म्हणाला. "एक वेचाची, एक रेच्याची, एक उन्हाची. निस्ती गंमत नाई थे. बायको मारते, अन् बायको माह्यंबी आयकत नाई."

गोवर्धनदासाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो रांगेच्या शेवटाकडं गेला. नववी गाडी. तट्ट फाटलं, हात गेला, रुईचा झुपका बाहेर आला. त्यानं तंतू ओढून पाहिला, सूर्याकडं धरला, दातांत धरला. सहावी गाडी. पुन्हा तसंच. गोपाळकृष्ण पहिल्या गाडीपाशी, शिवणीला पाठ लावून उभा होता. तिसरी निवड उरली. पारखी हळूहळू पुढं येत होता. पाचवी, चौथी, तिसरी. तिसऱ्या गाडीपाशी थांबला. तट्ट फाटलं. त्यानं या वेळी दोन्ही हात घातले, जरा वेळ आतच ठेवले, आणि त्याचे डोळे मिटले. थंडीत चुलीपाशी बसलेल्या माणसाचं तोंड होतं तसं त्याचं तोंड झालं.

"गरम आहे," तो म्हणाला. "बरोबर आहे. शिक्का आणा."

जानरावानं असा श्वास सोडला की मागच्या बैलानं मान वळवली. झालं. संपलं. पहिल्या गाडीला कोणी हात लावला नव्हता आणि आता लावणार नव्हतं. हा एक डोकडा चाळीसांत मुंबईला जाईल, दाबला जाईल, समुद्रावर चढेल, आणि कुठल्यातरी परक्या गावात कोणीतरी तो उघडील तेव्हा तांदळाचे दाणे बुरसलेले असतील. तोवर इथं कोणाला काही कळणार नाही. कोणी विचारलंच नव्हतं. शांत आहे. गोपाळकृष्णानं शिक्केवाल्याला येताना पाहिलं, त्याच्या हातातली शाईची वाटी पाहिली, आणि त्याला वाटलं की आपण पुन्हा त्या बैठकीत बसलो आहोत, पाहुणे उजवीकडं आहेत, आणि पोर भिंतीकडं बघून हसते आहे.

"थांबा," तो म्हणाला. आवाज एवढा बारीक आला की त्याला स्वतःलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. "हा पहिला डोकडा ओला आहे."

जानरावाचा पाय थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाचं काहीच हलत नव्हतं. "पंतोजी," तो म्हणाला, "काय बोलून राह्यले तुमी?"

गोपाळकृष्णानं त्याच्याकडं पाहिलं नाही. शिवणीतल्या दोऱ्याची तिसरी गाठ त्यानं सोडायला घेतली. पार्वताबाईंची गाठ, नखं दुखली तरी सुटेना. शेवटी दातानं सोडवली. गोवर्धनदासानं त्याला बाजूला सारलं, तट्ट फाडलं आणि हात घातला. आतून पहिल्यांदा आली ओली, पिवळी पडलेली रुई. मग तांदूळ. मग हळकुंड. मग पारख्याच्या बोटांना काहीतरी मोठं लागलं; कपाळाला आठ्या घालून त्यानं ते ओढून काढलं आणि उन्हात धरलं. खोबऱ्याची वाटी.

माळावर कोणीतरी खुदकन हसलं.

"हे काय आहे?" गोवर्धनदास म्हणाला. "पाणी मारतात, वाळू घालतात, दगड पण पाहिला मी. खोबरं कोण घालतं?"

"ओटी हाय," जानराव म्हणाला. त्याला आत्ता कळत होतं. एकेक गोष्ट त्याच्या तोंडावर येत होती. "अजी शेट, ओटी भरली बायकायनं. लेक म्हनून. यायनंच सांगतलं होतं, लेक समजा." तो गोपाळकृष्णाकडं वळला. त्याच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या मागं दुसरंच काही. "अन् तुमाले मालूम होतं? कवापासून?"

"सकाळपासून."

"मले कावून नाई सांगतलं?"

"मला वाटलं तुम्हीच पाणी मारलंत."

जानराव त्याच्याकडं बघत राहिला. मग मान फिरवून जमिनीवर थुंकला. "भल्ले मास्तर भेटले मले," तो म्हणाला.

"सगळे उघडा," गोवर्धनदास म्हणाला. "चाळीस."

ऊन उतरेपर्यंत तट्ट फाटत राहिलं. दर डोकड्याला पारख्याचा हात आत जाई, आणि दर वेळी जानराव आणि गोपाळकृष्ण, एकमेकांशी एक शब्द न बोलता, एकाच वेळी श्वास धरत आणि एकाच वेळी सोडत. पंधरा. बावीस. एकतिसाव्याला पारखी जरा जास्त वेळ थांबला आणि गोपाळकृष्ण एक पाऊल पुढं सरकला. पण तो फक्त घाम पुसत होता. गाडीवान फाटलेली तोंडं दाभणानं पुन्हा शिवत येत होते. चाळिसावा डोकडा झाला तेव्हा गोवर्धनदासाच्या भुवयांवर, मिशीवर, कानातल्या फायावर रुई बसली होती आणि तो म्हातारा दिसत होता.

"एकोणचाळीस घेतले," तो म्हणाला. "हंगामाचं आज बोलत नाही. पुढची खेप आणा. ती पण सगळी उघडणार." जाता जाता तो थांबला, खोबऱ्याची वाटी त्याच्या हातातच राहिली होती, ती त्यानं गोपाळकृष्णाच्या हातात दिली. "आणि बायांना सांगा, ओटी बाहेरून भरा."

माळ रिकामा होत होता. फुली पडलेल्या गाड्यांचा धनी केव्हाच कुठंतरी निघून गेला होता. जानरावानं ओल्या डोकड्याची रुई पुन्हा तट्टात कोंबली, सुंभानं बांधली आणि पहिल्या गाडीत टाकली. धाडकन टाकली. मग दांडीवर बसला. बराच वेळ गेला. मग त्याचा पाय हळूहळू हलू लागला.

"हे आता घरी न्या लागते," तो म्हणाला. "वाळवतो पुन्यांदा. परत आली म्हनून लेकीले कोनी उकिरड्यावर टाकते का?"

त्यानं ते टोचायला म्हटलं नव्हतं. त्याला सिंधू माहीतच नव्हती; दोन वर्षांत गोपाळकृष्णानं तिचं नाव त्याच्यापाशी काढलं नव्हतं. पण गोपाळकृष्ण गाडीच्या चाकाला धरून उभा राहिला. हातात खोबऱ्याची वाटी होती, तिला हळद लागलेली. नदीपलीकडच्या घरांवर उतरतं ऊन पडलं होतं आणि कुठल्यातरी धाब्यावर एक बाई वाळवण गोळा करत होती. एवढ्या लांबून ती कोण हे दिसत नव्हतं. तिला कोणी खालून हाक मारत असेल तर ती ऐकू जात होती की नाही, तेही कळत नव्हतं.

"जानराव," तो म्हणाला, "गाडी नदीच्या पल्याड जाईल का? जुन्या शहरात?"

"वाळूतून? जाते ना. कावून?"

"तिथं एका घरी मला काही सांगायचं आहे. ते आत घेणार नाहीत बहुतेक. दारातूनच सांगावं लागेल."

जानरावानं त्याच्याकडं नीट पाहिलं. उठला, ओला डोकडा एका कडेला सरकवला, आणि गाडीत बसायला जागा झाली तसा त्यावर उपरणं अंथरून हातानं थोपटलं.

"येताना कोनी संगं येनार हाय का?"

"माहीत नाही," गोपाळकृष्ण म्हणाला. तो गाडीत चढला आणि जानराव हाकायला बसला तेव्हा, काही न सुचून, पुढं म्हणाला, "आली तर तिला तुमच्या डाव्या हाताला बसवा. म्हणजे तुमच्याकडं तिचा उजवा कान येईल. त्या कानानं तिला सगळं ऐकू येतं."